बिनबाळाचं बाळंतपण

आई,

कासूत अजून एखादी म्हातारी मला स्टेशनवर गाठते आणि विचारते, "काय गो, यंदा कोनाला टेपर लागलाय?" शब्द इंग्रजी, तो वापरणारी माणसं शहरातली, आणि तो आपल्या गावात रुजला तो तुझ्यामुळे. सरांनी तो रोह्याहून आणून आपल्या ओटीवर टेकवला, एवढंच त्यांचं काम. पुढे त्याचं जे काय झालं ते तू केलंस. तुला अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून तू होतीस तोवर तुला पत्र लिहायचा प्रश्नच आला नाही. आता तू जाऊन इतकी वर्षं झालीत की वाचता येण्या-न येण्याची अडचणच उरली नाही. तेव्हा लिहिते. शिवाय तू मध्ये बोलणार नाहीस. तू असताना मला एवढं सलग कधी बोलू दिलं नव्हतंस.

मी रोह्याच्या कॉलेजात पॅसेंजरनं जायची आणि परत आले की तुझ्याबरोबर विहिरीवर. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात पाण्यानं भरलेलं पिंप मांडवात भलत्याच जागी आलं होतं आणि ते हलवायला कोणीतरी चार मुलं शोधत होतं. मी ते कडेला सरकवलं आणि चपला घालून निघाले. सर तिथं खुर्च्या लावायला आलेल्या पोरांबरोबर उभे होते. ते कंपनीत कामाला होते आणि शिफ्ट सुटली की कॉलनीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोरांना वजनं उचलायला शिकवायचे. त्यांनी मला विचारलं, "घरी काय उचलतेस?" मी म्हटलं, "जे असेल ते." ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं. तिथं तीनच कामं होती: खांद्यावर बार घेऊन खाली बसायचं आणि उठायचं, बाकावर उताणं निजून बार छातीवरून वर ढकलायचा, आणि जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहायचं. मला वाटलं, हे तर आपण रोजच करतो, फक्त इथं कोणी ओरडत नाही.

तू मला का जाऊ दिलंस ते मला कधी नीट कळलं नाही. बाप म्हणून दादांना तर ते मुळीच पटलं नव्हतं. पोरीच्या जातीनं लोखंड उचलून काय मिळवायचं, असं ते म्हणायचे. तू म्हणायचीस, "जाऊ दे. गाडीचा पास हाय तवर जाऊ दे." जणू पास फुकट गेला तर पाप लागेल. पास संपला की तू नवा काढायला लावायचीस, आणि तोही फुकट जाता कामा नये म्हणून मी पुन्हा जायची. असं करत करत मी राज्य स्पर्धेपर्यंत पोचले.

आणि तिथं आपटले. तो पहिल्या वर्षाचा पराक्रम तुला आठवत असेल. स्पर्धा नेमकी झोडणीच्या दिवसांत आली. शेतातून खळ्यावर भारे आणायचे, झोडायचे, पेंढा रचायचा. मी आदल्या संध्याकाळपर्यंत डोक्यावर भारे वाहिले, पहाटेची गाडी धरली आणि जाऊन उभी राहिले. खांद्यावर बार घेऊन खाली बसले ती उठताच येईना. तीन वेळा संधी देतात. तिन्ही वेळा मी खालीच. पहिल्याच प्रकारात तिन्ही गेल्या की माणूस बाद, पुढचे दोन करायचेच नाहीत. परत आले तर दादा म्हणाले, "हितं भाताचा पोता उचलतेस, तितं काय झाला?" सरांनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला. "गेला आठवडा काय केलंस?" मी म्हटलं, "झोडणी." त्यांनी कपाळाला हात लावला आणि बराच वेळ तो तिथंच ठेवला.

मग त्यांनी मला टेपर समजावला. आता मी तोच मुलींना समजावते, पण सरांइतका सोपा मला अजून जमत नाही. ते म्हणाले, ताकद आणि थकवा दोन्ही एकाच वेळी वाढतात. तू महिनोन्‌महिने वजनं उचलतेस, तुझ्यात ताकद साठते, पण तिच्यावर थकवा बसलेला असतो, म्हणून ती कोणाला दिसत नाही, तुलासुद्धा नाही. स्पर्धेच्या आधी काही दिवस काम तोडायचं. थकवा लवकर उतरतो, ताकद एवढ्यात उतरत नाही. मधल्या त्या दिवसांत माणूस आपल्या खऱ्या उंचीवर असतो. त्या दिवशी स्पर्धा यायला हवी, अलीकडे नाही, पलीकडे नाही. आणि यात एक मेख होती. काम तोडायचं म्हणजे वजन हलकं करत बसायचं नाही. वजन भारीच ठेवायचं, उचलायचं मात्र मोजकं, एक-दोनदा, आणि घरी जायचं. घरी गेल्यावर काहीही करायचं नाही. शेडमधल्या पोरांना हे सोपं होतं. त्यांना घरी तसंही कोणी काही सांगत नसे.

म्हणून पुढच्या वर्षी, भात कापून झालं तसे सर स्वतः आपल्या घरी आले. दादांनी आधीच सांगून टाकलं होतं की यंदा राज्याच्या संघात नाव आलं नाही तर रोह्याला जाणं बंद, आणि मुरूडकडचं एक स्थळ आलंय ते बघून टाकायचं. तू सरांना चहा दिलास आणि दारात पदर धरून उभी राहिलीस. सर म्हणाले, "दहा दिवस हिनं घरातलं जड काम करायचं नाही. पाणी नाही, भारे नाहीत, पोती नाहीत. स्पर्धा पेणलाच आहे, तेव्हा प्रवासाचाही त्रास नाही. फक्त आराम."

दादा म्हणाले, "झोडनीत आराम?"

"हो. त्याला टेपर म्हणतात."

दादांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला आणि बाहेर जाऊन थुंकले. तू मात्र आत आलीस. तुझ्या कपाळावर आठ्या होत्या, पण त्या रागाच्या नव्हत्या, हिशेब जमत नसल्याच्या होत्या. तू विचारलंस, "आराम म्हंजी कसा? तिला ठेवू कशी?" आपल्या घरात बाईमाणसाच्या संदर्भात तो शब्द कोणी वापरलेलाच नव्हता. सर गोंधळले. त्यांनी इकडे-तिकडे बघितलं आणि सुचेल ते बोलून गेले. "अहो, बाळंतिणीला ठेवता ना, तशी ठेवा."

मी हसले. सर हसले. तू हसली नाहीस. तू मान हलवलीस आणि म्हणालीस, "व्हय. तशी ठेवते." त्याच क्षणी आम्ही दोघांनी सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर माळ्यावरची खाट खाली आली होती. तिच्याखाली शेगडी. माझ्या डोक्याला तू फडकं बांधलंस, कानात कापसाचे बोळे घातलेस आणि पाठीला तेल लावायला घेतलंस. मी म्हटलं, "आई, सर गमतीनं म्हणाले." तू म्हणालीस, "गप निज. तोंडाला वारा लागंल." पेणच्या बाजारातून तू डिंक आणलास, हळीव आणलं, खोबरं किसलंस, आणि डबा भरून लाडू वळलेस. सकाळी लाडू, दुपारी लाडू, संध्याकाळी शेपा आणि ओव्याची धुरी. एक दिवसाआड मला रोह्याला जाऊन मोजकं उचलायचं होतं, त्यावरनं तू रोज भांडायचीस. बाळंतीण कधी गाडीत बसते का, असं तुझं म्हणणं. शेवटी तू कानाला घट्ट फडकं बांधूनच सोडायचीस. सर माझ्या अंगाचा वास घेऊन म्हणाले, "हे काय?" मी सांगितलं. ते शेडच्या बाहेर जाऊन एकटेच हसून आले आणि म्हणाले, "चालू दे. निजवतात ना तुला? मग चालू दे." लाडवांचं मी त्यांना सांगितलं नाही. ते इतके चांगले झाले होते की सांगावंसं वाटलं नाही.

आता मी तुला एक सांगते, जे तेव्हा सांगायला लाज वाटली. तेल लावताना तुझ्या तळव्यांचे घट्टे माझ्या पाठीला खरखर लागायचे आणि मला रडू यायचं. दुखायचं म्हणून नाही. मी एवढी मोठी झाले होते आणि तुझा हात असा सावकाश माझ्यावरून फिरल्याचं मला आठवतच नव्हतं. तुला वेळ कुठे होता. आणि तो वेळ तू तेव्हाही चोरून आणत होतीस, कारण माझ्या वाटचे भारे तूच वाहत होतीस. मी खाटेवर पडून तुझ्या पावलांचा आवाज ऐकायची. दोघींचं काम एकटीनं करणाऱ्या बाईची पावलं वेगळी वाजतात.

मग धुरीचा वास शेजारी गेला. शेजारच्या काकीला नाक होतं आणि त्याहून मोठं तोंड होतं, हे तूच म्हणायचीस. ती परसदारी आली.

"काय गो, कोन बाळंत झाली तुमच्याकडं?"

तू तुझ्या नादात शेपा निवडत होतीस. म्हणालीस, "कोन नाय. पोरीला टेपर लागलाय."

काकी जवळ सरकली. "कवा लागला?"

"चार दिस झाले."

"नि कुठनं?"

"रोह्यासनं. तिच्या सरांनी दिला."

मी आतून हे ऐकत होते आणि मला उठून ओरडावंसं वाटत होतं, पण कानात बोळे असल्यामुळे मला वाटलं माझ्याच ऐकण्यात काही चूक झाली. काकी एक शब्द न बोलता परत गेली. काकी एक शब्द न बोलता गेली की गावात काहीतरी होणार हे तुला कळायला हवं होतं. संध्याकाळपर्यंत पराचा कावळा झाला होता, आणि तो कावळा गिरणीवर दादांच्या खांद्यावर जाऊन बसला. कोणीतरी त्यांना विचारलं, "नातू की नात?"

दादा घरी आले ते पिठाचा डबा गिरणीवरच विसरून. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलत होते. "उद्यापासनं रोह्याला जायाचा नाय. पेनला पन जायाचा नाय. त्या मुरूडवाल्यांनी ऐकला तर काय तोंड दाखवू?" मी खाटेवर उठून बसले. वर्षभराची मेहनत माझ्या अंगात होती, अगदी वर आलेली, मला ती जाणवत होती. पायात अशी ताकद मला कधी वाटलीच नव्हती. आणि सगळं एका धुरीपायी जाणार होतं. मी दादांना समजवायला लागले तर ते माझ्याकडे बघेनात. तू चुलीपाशी बसून होतीस. मग म्हणालीस, "पेनला जानार की नाय ते उद्या ठरवू." आणि भाकरी थापायला लागलीस.

सकाळी विहिरीवर तू सगळ्या बायकांना आमंत्रण दिलंस. "सांजच्याला बाळ बघायला या." साधं, सरळ, जसं देतात तसं. मला ते कळलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळी त्या आल्या. गल्लीतल्या झाडून सगळ्या. काकी सर्वांत पुढे, आणि तिच्या हातात खरंच एक झबलं होतं, हे मी अजून विसरले नाही. दादा पडवीत भिंतीकडे तोंड करून बसले. तू मला फडकं सोडून, केस विंचरून, ओटीवर बसवलंस. माझ्या मांडीवर गेल्या वर्षीचा कातडी पट्टा ठेवलास, तो कमरेला बांधून आम्ही वजनं उचलतो तो. "हे बाळ," तू म्हणालीस. "बघा. नाक बापावर गेलाय का ते सांगा."

कोणी हसलं, कोणी नाही. मग तू त्यांना सगळं सांगितलंस, सर काय म्हणाले, थकवा कसा उतरतो, ताकद कशी उतरत नाही. तू ते तुझ्या शब्दांत सांगत होतीस आणि सरांपेक्षा दुप्पट लांब, आणि निम्मं चुकीचं, पण त्या ऐकत होत्या. तेवढ्यात काकीनं कोपऱ्यातल्या भाताच्या पोत्याकडे बोट केलं. "एवडी ताकद आली हाय तर उचलून दाखव म्हनावं. आमची खात्री पटंल."

सगळ्यांना ते पटलं. पडवीतून दादांनीसुद्धा मान वळवली. आई, मी ते पोतं उचललं असतं. एका दमात उचललं असतं. माझे हात नुसते शिवशिवत होते. शेवटच्या दिवसांत प्रत्येक खेळाडूला हेच होतं: अंग हलकं वाटतं, खात्री करून बघावीशी वाटते, आणि खात्री करण्याच्या नादात साठवलेलं तिथंच सांडून जातं. माझ्या कितीतरी मुलींनी स्पर्धा अशी दोन दिवस आधी जिंकून घालवली आहे. तेव्हा मला हे काही माहीत नव्हतं. मी उठले. माझी अब्रू त्या पोत्याखाली आहे असंच मला वाटत होतं.

आणि मला दिसतं, तू माझ्या आधी पोत्यापाशी पोचली आहेस. तू वळतेस, पदर सावरतेस आणि पोत्यावर बसतेस. चांगली मांडी ठोकून.

"आज नाय," तू म्हणतेस.

काकी म्हणते, "का गो? घाबरलीस?"

"बाळंतिणीला पोता उचलायला कोन सांगतो?" तू शांत बोलतेस, पण तुझी मान ताठ आहे. "मला सांगितला व्हता. हिच्या येळेला पाचवी पुजली नि सासूनं हंडा हातात दिला. धाकट्याच्या येळेला लावनी व्हती, चिखलात उभी व्हते, दूध पदरातनं गळत व्हता. मला कोन बोलला नाय, निज म्हनून. तुला बोलला का कोन?"

काकीच्या हातात ते झबलं होतं, त्याच्या घड्या ती उलगडत होती आणि परत घालत होती. मग मागून एक म्हातारी म्हणाली, तिला तर नाळ पडायच्या आधी गोठ्यात जावं लागलं होतं. दुसरी म्हणाली, तिनं जातं ओढलं होतं. एकेकीचं निघत गेलं. कोणी रडलं नाही. त्या एखाद्या जुन्या चोरीबद्दल बोलावं तशा बोलत होत्या, चोर सगळ्यांना ठाऊक असल्यासारख्या. पडवीत दादा उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. सगळ्या बोलून झाल्यावर तू म्हणालीस, "मंग एकीला तरी धा दिस निजू दे. बघू तरी काय व्हतंय." आणि तू पोत्यावरून उठली नाहीस, शेवटची बाई जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी काकी तुझ्या खळ्यावर आली. तिनं काही माफी वगैरे मागितली नाही, तो तिचा स्वभावच नव्हता. डोक्यावर चुंबळ ठेवली आणि भारा उचलला. तिच्यामागून आणखी चौघी. माझ्या वाटचे भारे पुढच्या दोन दिवसांत खळ्यावर येऊन पडले. आणि दादांनी विहिरीवरनं पाण्याचा हंडा आणला. खांद्यावर, वाकडा धरून, अर्धा अंगावर सांडत. सबंध गल्ली दारात येऊन ते बघत होती आणि दादा कोणाकडेही न बघता चालले होते. त्यांनी तो ओट्यावर ठेवला आणि खाटेकडे न बघताच म्हणाले, "पेनची गाडी किती वाजता हाय?"

पेणला शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता. सकाळी आधी वजन करतात. प्रत्येकीचा वजनगट ठरलेला, त्याच्यावर गेलात तर बाहेर. मी काट्यावर उभी राहिले आणि पंचांनी नकारार्थी मान हलवली. सर काट्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "आईनं काय चारलं?" मी म्हटलं, "हळीव." "आणि?" "डिंक." "आणि?" मी काट्यावरून उतरले. खोबरं आणि तूप त्यांनी ओळखलंच. तासाभराची मुदत असते. सरांनी मला स्वतःचा स्वेटर घातला, त्यावर कोणाचा तरी रेनकोट, आणि मी त्या मैदानाला फेऱ्या मारायला लागले. आरामासाठी दहा दिवस गाव उलटंपालटं केलं आणि शेवटी मी धावत होते. तू कठड्याशी बसून रागानं बघत होतीस. मी समोरून गेले की म्हणायचीस, "लाडवानं कोन जाड व्हत नाय. ती ताकद हाय. मूर्ख हायेत." बांगड्या काढल्या, कानातलं काढलं, आणि मुदत संपता संपता काटा बसला. सरांनी देवाचं नाव घेतलं. तू पदराखालून लाडू काढलास आणि म्हणालीस, "आता खा. झाला ना मोजून."

मी खाल्ला. बरोबर केलं. तेवढीच तर गरज होती तेव्हा.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण मला सांगायचं आहे. ज्या वजनाखाली मी वर्षापूर्वी तीनदा बसून राहिले, ते मी पहिल्याच फेरीत घेतलं. खाली गेले आणि वर आले. एवढंच. लोक विचारतात, तेव्हा बार हलका लागतो का? नाही लागत. लोखंड तेवढंच असतं. पण आपण अख्खे असतो, आपल्यातलं काही खळ्यावर, काही विहिरीवर राहिलेलं नसतं. मी आयुष्यात पहिल्यांदा एका जागी पूर्ण उभी होते. बाकावरच्या प्रकारात नागपूरकडची एक मुलगी पुढे गेली. शेवटच्या प्रकारात, शेवटच्या उचलीला, सरांनी बारवर मी कधीही न उचललेलं वजन लावलं. ते आलं तर पहिली, संघात नाव. नाही तर मुरूड.

मी बारपाशी गेले तेव्हा मांडवात इतर सगळे ओरडत होते, फक्त एक कोपरा गप्प होता. तिथं तू होतीस, काकी होती, कासूच्या बायका होत्या, सकाळच्या गाडीनं आलेल्या, आणि त्यांच्यामागे दादा. तूच त्यांना बजावलं होतंस म्हणे, आवाज करायचा नाय. मी वाकले, पकड घेतली आणि ओढलं. बार जमिनीवरून सुटायला वेळ लागला. गुडघ्यापाशी तो थांबल्यासारखा झाला. आणि मग खालून, पायांतून, पाठीतून, तू तेल चोळलेल्या त्या पाठीतून, काहीतरी वर आलं आणि मी ताठ झाले. मी ताठ उभी होते. पंचांचे तीनही दिवे पांढरे लागले, म्हणजे उचल मान्य. मी बार ठेवला आणि त्या गप्प कोपऱ्यातून काकीचा आवाज सबंध मांडवात घुमला, "सुटली गो बाय, सुटली."

बाकीच्या मांडवाला काही कळलं नाही. आपल्या बायका मात्र एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दादा बायकांच्या घोळक्यात सापडले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्यांना हात वर काढता येत नव्हता. तू उठून सरळ सरांपाशी आलीस. मला वाटलं तू त्यांचे आभार मानशील. तू विचारलंस, "आता हिनं कामाला हात लावला तर चालंल?" सर म्हणाले, "चालेल." दुसऱ्या दिवशी तू मला पहाटे उठवलंस. पेंढा रचायचा राहिला होता.

त्या संघातून मी पुढे कुठे कुठे गेले, नोकरी लागली, मुरूडची मंडळी परस्पर दुसरीकडे गेली, ते सगळं तू पाहिलंस. सर गेल्यावर ती शेड मी चालवायला घेतली, ते तू पाहिलं नाहीस. आता ती पक्की झाली आहे, आणि संध्याकाळी तिथं पोरांपेक्षा पोरी जास्त असतात. स्पर्धा जवळ आली की मी प्रत्येकीच्या घरी जाते, सर आले होते तशी. गागोद्याला जाते, धरमतरकडच्या वाड्यांत जाते. टेपर वगैरे मी आयांना समजवत बसत नाही. मी म्हणते, बाळंतिणीला ठेवता तशी ठेवा, फक्त लाडू माझ्याकडे द्या. एकदा एका मुस्लिम मुलीच्या घरी गेले होते, बाप कुवेतला, आई एकटी तीन लेकरं आणि शेती बघणारी. मी एवढं म्हटलं आणि ती म्हणाली, "बाळंतपणानंतर चाळीस दिवसांचा चिल्ला पाळतो तसं ना? समजलं. मला कोणी पाळू दिला नव्हता, हिला पाळू देईन." तिची मुलगी गेल्या वर्षी राज्यात पहिली आली. या हिवाळ्यात माझ्या पाच मुली संघात आहेत. पाच. एकाच शेडमधून. मी हे फुशारकीनं सांगते आहे आणि सांगणार. फुशारकी मारायला तुझ्याशिवाय हक्काचं मला कोण आहे.

तुझ्या शेवटच्या वर्षांत मी तुला एकदा म्हटलं होतं, आई, तू पण जरा पड की चार दिवस. तू कणगीतलं भात काढत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "मला कुठं स्पर्धेला जायाचाय?" मी तेव्हा हसले, कारण तू हसत होतीस. नंतर त्या वाक्याचा माझ्यावर असा पगडा बसला की मीही कधी आडवी झाले नाही. आजारी पडले तर औषध घेऊन शेडवर. माझं बाळंतपण झालं तेव्हा तू नव्हतीस. पंधराव्या दिवशी मी मुलींना बार धरायला शिकवत होते आणि मला त्याचा अभिमान होता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक कबूल करायला हरकत नाही. कालपासून मुलींचा टेपर सुरू झाला. मी पाचही घरं फिरून आले, सगळ्या आयांना सांगितलं, पोरीला निजू द्या. आणि आज जेवण झाल्यावर मी फोन बंद केला, दाराला कडी लावली आणि अंथरूण घातलं. भांडी तशीच आहेत. बाहेर लख्ख ऊन आहे. मला ताप नाही, कंबर दुखत नाही, बाळंतपण होऊन जमाना झाला, आणि मला कुठल्याही स्पर्धेला जायचं नाही. मी उगाच पडले आहे, आई.